न्हावा शेवाहून निघणारा थंड डबा: रीफर कंटेनरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की फोन सुरू होतात. पिंपळगावचा बागायतदार, टेंभुर्णीकडचा केळीवाला, फ्रोझन पुरणपोळ्या करणाऱ्या ताई. माल वेगळा, पण शंका सगळ्यांच्या त्याच. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हणून हे पान. माझी बरीच वर्षं पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरायची जागा, आणि मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर यांच्या मधल्या रस्त्यावर गेली. त्यामुळे उदाहरणं नाशिकच्या द्राक्षाची जास्त येतील, तेवढं चालवून घ्या.

रीफर कंटेनर म्हणजे नक्की काय? मोठा फ्रीजच ना?

दिसायला तसंच. भिंतीत फोम भरलेला, एका टोकाला रेफ्रिजरेशनचं युनिट आणि दुसऱ्या टोकाला दारं असलेला डबा. निर्यातीला बहुतेक वेळा ४० फुटी हायक्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा उंच डबाच लागतो. खरा फरक हवेच्या वाटेत आहे. युनिट थंड हवा खाली सोडतं. जमिनीवर अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्या मधल्या खाचांतून ती हवा दारापर्यंत पोचते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत युनिटकडे येते. आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला एक लाल रेघ असते. तिच्या वर माल रचला की परतीची वाट बंद. ही रेघ शोभेला काढलेली नाही, हे दर हंगामात कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं.

माल थोडा गरम भरला तर चालेल का? वाटेत तीन आठवडे आहेत, थंड होईलच की.

चालणार नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचा.

रीफरचं युनिट थंड मालाला थंड ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. भिंतीतून झिरपणारी उष्णता आणि फळ श्वास घेताना सोडतं ती उष्णता, एवढी ओढून बाहेर टाकायची त्याची ताकद. तेरा टन द्राक्ष २५ अंशांवर भरलं, तर ते शून्यावर आणायला त्याला कित्येक दिवस लागतील, आणि पॅलेटच्या, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेल्या थप्पीच्या, पोटातल्या पेट्यांना त्याहून जास्त. तोपर्यंत घडाचा देठ वाळून तपकिरी होतो, मणी सैल पडतात, पेटीत दमटपणा धरतो आणि राखाडी बुरशीला मोकळं रान मिळतं. गरम भाताचं पातेलं झाकण घालून फ्रीजमध्ये ठेवलं की झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तेच इथे पेटीपेटीत होतं.

म्हणून प्रीकूलिंग. सकाळी लवकर काढणी, ऊन चढायच्या आत माल पॅकहाऊसमध्ये, आणि पॅकिंग झालं की लगेच प्रीकूलिंगच्या खोलीत. तिथे पंखे पेट्यांच्या भोकांतून थंड हवा ओढून घेतात आणि सहा ते आठ तासांत मण्याच्या गराचं तापमान दोन अंशांच्या खाली येतं. गराचं म्हणतोय, खोलीचं नाही. भिंतीवरचा काटा शून्य दाखवतो म्हणून माल शून्यावर आला असं होत नाही. मण्यात सुई खुपसून बघायचं, आणि तेही पॅलेटच्या मधल्या पेटीतल्या मण्यात. बाहेरची पेटी कायम चांगलंच बोलते.

गाडी दारात उभी आहे, बंदरावरचा कटऑफ, म्हणजे कंटेनर पोचवायची शेवटची वेळ, संध्याकाळचा आहे आणि माल अजून सहा अंशांवर आहे, अशा वेळी सगळे भरणाऱ्याच्या मागे लागतात. त्या दिवशी जहाज सोडून पुढचं पकडलं तर भुर्दंड बसतो, पण तो किती हे तरी माहीत असतं.

कंटेनर आधीच थंड करून मागवावा का?

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण बहुतेक पॅकहाऊसमध्ये ते उलटं बसतं. थंड केलेल्या कंटेनरचं दार उघड्यावर उघडलं की बाहेरची गरम दमट हवा आत शिरते आणि थंड भिंतींवर पाणी धरते. ते पाणी खोक्यांवर पडतं, खोकी मऊ होतात, खालची रांग बसते. कंटेनरचं तोंड कोल्ड स्टोअरेजच्या दाराला रबरी पडद्याने घट्ट जोडता येत असेल, तरच आधी थंड करून घ्या. नसेल तर तो कोरडा, स्वच्छ आणि वास नसलेला असला म्हणजे झालं. भरताना युनिट बंद ठेवायचं. चालू ठेवलं तर पंखा बाहेरची हवाच आत ओढतो.

येणाऱ्या कंटेनरची पीटीआय म्हणजे पाठवण्याआधीची तपासणी झाली आहे का, ते मात्र विचारा. आणि नाकाने तपासा. आधीच्या फेरीत लसूण किंवा मासे गेले असतील तर ते कुठल्याच कागदावर नसतं.

कोणत्या मालाला किती तापमान?

द्राक्षाला शून्य ते मायनस अर्धा अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. मण्यात साखर असल्यामुळे ते शून्यावर गोठत नाही, पण देठात साखर कमी, म्हणून आणखी खाली जाण्याचा मोह टाळा. डाळिंब पाच-सहा अंशांवर खूश असतं. केळी १३ ते १३.५. हापूस आणि केसर १२-१३ च्या आसपास. फ्रोझन माल मायनस १८ किंवा त्याखाली.

केळीवाल्यांसाठी एक जादा ओळ. "जास्त थंड म्हणजे जास्त टिकणार" हा हिशेब केळीला लागू नाही. १२-१३ च्या खाली गेलं की सालीला थंडी बाधते. ती राखाडी, मळकट होते आणि पिकवणीच्या खोलीत गेल्यावरही नीट पिवळी होत नाही. गंमत म्हणजे कंटेनर उघडतो तेव्हा केळी हिरवीगार, देखणी दिसते. आठवड्याभराने आखातातल्या गिऱ्हाईकाचा फोन येतो.

ताज्या हवेची झडप किती उघडी ठेवायची?

फ्रोझनला पूर्ण बंद. केळीला जास्त उघडी, कारण तिचा श्वास मोठा आणि साठलेला इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, बाहेर काढावा लागतो. द्राक्षाला थोडीशी. बुकिंगमध्ये हा आकडा ताशी घनमीटरमध्ये लिहा. टक्क्यांत लिहिलात तर प्रत्येक कंपनीच्या युनिटवर त्याचा अर्थ वेगळा निघतो.

पेटीतला तो कागदासारखा पॅड कशासाठी? दोन घातले तर माल जास्त टिकेल का?

त्या पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशी दाबून ठेवतो. दोन घातले तर मणी देठाकडून पांढरे पडू लागतात आणि चवीला गंधकाचा वास येतो. शिवाय युरोपात द्राक्षावरच्या सल्फर डायऑक्साइडला किलोला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आणि गरम माल भरला की पेटीत पाणी सुटतं, पॅड पहिल्याच आठवड्यात सगळा वायू सोडून मोकळा होतो. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला पोचेपर्यंत तो नुसता कागद उरतो.

पेट्या आत कशा रचायच्या?

ताज्या मालाची आणि फ्रोझनची रचना एकमेकांच्या उलट असते.

ताजं फळ उष्णता निर्माण करतं, म्हणून हवा मालाच्या आतून गेली पाहिजे. पेट्यांची भोकं एकावर एक जुळली पाहिजेत आणि कंटेनरची जमीन पूर्ण झाकली गेली पाहिजे. पॅलेटांमध्ये किंवा दाराजवळ मोकळी जमीन राहिली, तर हवा सोपी वाट धरते. तिथूनच वर चढून परत फिरते आणि मालाला शिवतही नाही. उरलेल्या फटीवर जाड पुठ्ठा टाका. दहा रुपयांचं काम आहे.

फ्रोझन माल उष्णता निर्माण करत नाही. तो एकमेकांना घट्ट लावून एकच ठोकळा करायचा, हवा त्याच्या भोवतीने फिरली की पुरे.

हवेची ही गोष्ट नवी नाही. १५ फेब्रुवारी १८८२ ला डुनेडिन नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला निघालं. थंड करणारं यंत्र कोळशावर चालत होतं. उष्ण कटिबंधात आल्यावर लक्षात आलं की यंत्र चालू आहे, पण थंड हवा सगळीकडे फिरत नाहीये. कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरला आणि करवतीने जादा भोकं पाडली. थंडीने तो तिथेच निपचित पडला, खलाशांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि शुद्धीवर आणलं. ९८ दिवसांनी जहाज लंडनला लागलं तेव्हा सुमारे पाच हजार धडांपैकी एकच टाकून द्यावं लागलं. पेट्यांची भोकं जुळवायला कंटाळा करणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट सांगतो. ऐकतात निदान.

फ्रोझन पुरणपोळी, मोदक, पराठे पाठवायचे आहेत. डीप फ्रीजरमध्ये गोठवून कंटेनरला दिले तर?

घरगुती डीप फ्रीजर हळू गोठवतो. हळू गोठलं की पदार्थात बर्फाचे मोठे खडे होतात, आणि पोळी वितळवली की पुरण पाणी सोडतं. त्यासाठी ब्लास्ट फ्रीजर लागतो, मायनस ३५-४० अंशांच्या जोरदार हवेचा. पदार्थाचा गाभा मायनस १८ ला पोचल्याशिवाय तो कंटेनरमध्ये चढवायचा नाही. मधेच वितळून पुन्हा गोठला तर पाकिटात बर्फाची भुकटी दिसते. गिऱ्हाईक ती बरोबर ओळखतं.

अमेरिकेला माल जात असेल तर आकड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. तिथला खरेदीदार मेलमध्ये "शून्य अंश" लिहितो, ते फॅरनहाइट असतं, म्हणजे आपले मायनस १८. एकदा आमच्याकडून बुकिंगमध्ये नुसतं शून्य गेलं. कंटेनर प्लगला लावताना यार्डातल्या माणसाने "फ्रोझनला शून्य कसं?" म्हणून विचारलं, नाहीतर पराठ्यांचा लगदाच पोचला असता. तेव्हापासून मी सेल्सिअस हा शब्द अक्षरात लिहितो आणि मायनसही अक्षरात.

मायनस १८ ऐवजी मायनस १५ चालेल का, अशी चर्चा २०२३ च्या अखेरीपासून जगभरातल्या शीतसाखळीवाल्यांत सुरू आहे, वीज वाचावी म्हणून. तुमचा खरेदीदार जोवर लेखी काही म्हणत नाही तोवर मायनस १८ च धरा.

अर्धा कंटेनर द्राक्ष, अर्धा केळी असं जमेल?

तापमानच जुळत नाही. शिवाय पिकणारी केळी, आंबा इथिलीन सोडतात, त्याने शेजारचा माल लवकर म्हातारा होतो. द्राक्षाच्या पॅडचा गंधक दुसऱ्या फळाला बाधतो, आणि कांदा-लसणाचा वास सगळ्यांना चिकटतो. फ्रोझनमध्ये मात्र पराठा, वाटाणा, मोदक एकत्र जाऊ शकतात, सगळे मायनस १८ चे. माल थोडाच असेल तर असा एकत्रित फ्रोझन कंटेनर काढणारा निर्यातदार शोधा.

युरोपला किती दिवस धरायचे?

सुएझमार्गे न्हावा शेवा ते रॉटरडॅम तीन ते साडेतीन आठवडे, हा आमचा जुना हिशेब. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. बऱ्याच कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा धरला आणि त्यात दहा ते पंधरा दिवसांची भर पडली. २०२४ चा द्राक्ष हंगाम त्यातच गेला. नीट प्रीकूलिंग झालेलं द्राक्ष हा वळसा सोसतं. सहा अंशांवर घाईने भरलेलं सोसत नाही, ते त्या वर्षी उघड झालं. बुकिंग करतानाच जहाज कुठल्या वाटेने जाणार, आणि मधे दुसऱ्या बंदरात माल उतरवून दुसऱ्या जहाजात चढवणार का, हे विचारा. दुबईच्या जेबेल अली बंदराला थेट जहाज चार-पाच दिवसांत जातं, तिथे एवढी धास्ती नाही.

वाटेत वीज कुठून मिळते? मध्येच बंद पडली तर?

रस्त्यावर ट्रेलरला लावलेला जनरेटर, म्हणजे जेनसेट. बंदरावर प्लग आणि जहाजावरही प्लग. नाशिक ते न्हावा शेवा सुमारे २०० किलोमीटर, पण कसारा घाट आणि भिवंडीचं ट्रॅफिक यांचा भरवसा नाही. जेनसेटमध्ये डिझेल किती आहे ते निघताना बघा. ड्रायव्हरच्या शब्दावर राहू नका, टाकीत बघा.

तास-दोन तास वीज गेली तर थंड भरलेल्या मालाला फारसं काही होत नाही. भिंती फोमच्या आहेत आणि तेरा टन थंड माल स्वतःच बर्फाच्या लादीसारखा वागतो. फक्त "काय झालंय बघू" म्हणून दार उघडू नका.

कागदपत्रं कोणती?

डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालय) आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीची केंद्रीय संस्था) नोंदणी, खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना, ताज्या फळाला फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र, मग इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), मूळ देशाचं प्रमाणपत्र आणि शेवटी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती. मासळी असेल तर अपेडाऐवजी एमपीडा, म्हणजे समुद्री मालाच्या निर्यातीची संस्था. कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे. लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का हवा, म्हणजे ते लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने कीडमुक्त केलेलं आहे. शिक्का नसलेला एकच पॅलेट आत गेला तरी अख्खा कंटेनर अडकू शकतो.

अमेरिकेला खाद्यपदार्थ जात असेल तर कारखान्याची तिथल्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) नोंदणी लागते, आणि जहाज पोचायच्या किमान आठ तास आधी पूर्वसूचना. युरोपला तूप, दूध घातलेले पदार्थ पाठवणाऱ्यांनी एप्रिल २०२१ पासूनचे मिश्र पदार्थांचे नियम आधी वाचावेत आणि मगच मशिनरी घ्यावी.

रेसिड्यूचं, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचं, एवढं काय? माल तर चांगला दिसतोय.

२०१० आठवतं का? द्राक्षवेलीची वाढ आटोक्यात ठेवायला आपल्याकडे क्लोरमेक्वाट क्लोराइड मारत, बाजारात ते लिहोसिन म्हणून मिळे. ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपने तपासलं, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि आपले कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकून पडले. तापमान बरोबर, देठ हिरवा, मणी टणक, आणि तरी माल विकता येईना. कित्येक घरं त्या हंगामातून बाहेर यायला वर्षं लागली.

ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडाच्या ऑनलाइन यंत्रणेवर, प्लॉटची नोंदणी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली चालणारी तपासणी, काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातलं ठरलेलं अंतर, पाळणं, हे सगळं कटकटीचं वाटतं. फवारणीची वही मात्र रोजची रोज लिहा. काढणीच्या आदल्या रात्री आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते, एकच पेन आणि एकच अक्षर.

माल खराब पोचला तर भरपाई कोण देतं?

पुरावा कुणाकडे आहे यावर ते ठरतं.

शिपिंग कंपनी युनिटची नोंद दाखवेल: हवा शून्यावर सोडली, शून्यावर परत आली, आमचं काम चोख. तुमच्याकडे मग काय आहे? भरताना घेतलेल्या गराच्या तापमानाची नोंद, फोटो, सीलचा नंबर, आणि पेट्यांत ठेवलेले डेटा लॉगर, म्हणजे तापमान टिपत राहणारी छोटी यंत्रं. लॉगर एकच असेल तर तो दाराकडच्या शेवटच्या पॅलेटमध्ये ठेवा, हवा तिथे सगळ्यात शेवटी पोचते. मी सुरुवातीला तो युनिटजवळ ठेवायचो. तिथली नोंद कायम सुरेख येते आणि काहीच सिद्ध करत नाही.

वरून न दिसणारं नुकसान असेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचं आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर बोलवायचा. दावा लावायची मुदत साधारण एक वर्षाची असते. विम्याचं कलम बारकाईने वाचा. काही पॉलिसींत युनिट सलग २४ तास बंद पडलं तरच भरपाई मिळते, वीस तास बंद राहून माल गेला तर काही नाही. आणि माल गरमच भरला होता असं निघालं, तर कुठलीच पॉलिसी तुमच्या बाजूने उभी राहत नाही.

फिक्स रेटने द्यावा की कन्साइनमेंटवर?

कन्साइनमेंट म्हणजे तिकडे विकेल त्या भावाने, खर्च वजा जाता. दर चढा असला तर चांगले पैसे, पण माल समुद्रावर असताना जोखीम सगळी तुमची, आणि तिकडचं क्वालिटी क्लेमचं, म्हणजे माल खराब निघाला म्हणून पैसे कापण्याचं, पत्र तपासायला तुम्ही जाऊ शकत नाही. लहान बागायतदाराने फिक्स रेटच घ्यावा, असं माझं मत. तोही कागदावर, आगाऊ रकमेसह. बागेत येऊन गोड बोलून माल उचलणारे आणि एप्रिलनंतर फोन न उचलणारे आमच्या भागात दर वर्षी निघतात.

हापूस जहाजाने जातो का?

आखातात कधीपासून जातो. अमेरिकेला विमानाचं भाडं फळापेक्षा जड होतं, म्हणून २०२२ साली वाशीच्या पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण करून समुद्रमार्गे आंबा पाठवून पाहिला आणि तो पोचला. अडचण साक्याची, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याची. साका बाहेरून दिसत नाही, आणि पंचवीस दिवसांच्या प्रवासाने त्याला काही उपाय होत नाही. केसर या बाबतीत समजूतदार.

मुलगा न्यू जर्सीला आहे. दिवाळीचा फराळ रीफरने पाठवता येईल का?

काकू, चकली, चिवडा, लाडवांना रीफर लागतच नाही. घरचा पाच-दहा किलोचा डबा कुरियरने पाठवा. धंदा म्हणून टनावारी पाठवायचा असेल तर साध्या कोरड्या कंटेनरमधून जातो. पण तो ऑगस्टमध्येच जहाजावर चढायला हवा, म्हणजे चकलीची भाजणी गणपतीच्या आधी दळून ठेवा.